एस्तेरची बरणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि खरं सांगू? — प्रार्थनेतसुद्धा नाही. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं असं आपण म्हणतो ना, त्याचाच फायदा घेतला मी. बाकीची पापं नावानिशी सांगायची — राग, कंटाळा, शेजारणीबद्दल बोललेलं वाकडं — आणि ह्या एकापाशी आलं की "आणि प्रभू, जे काही राहिलं असेल ते" म्हणून पुढं सरकायचं. कित्येक वर्षं ते त्या "राहिलं असेल"मध्ये दडवून ठेवलंय मी.

तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं कारण पुरे असावं.

मी सोलापूरची. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा माझा घरगुती धंदा आहे. अजून आहे, पण नावापुरता. आमच्या मंडळीत मला जरा मान आहे, आणि तो मान कशाचा म्हणाल तर मोजणीचा. चर्चमध्ये छोटे धंदेवाले पुष्कळ. कुणी ब्लाउज शिवतं, कुणी केक करतं, एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. महिन्यातून एका रविवारी उपासना संपली की आम्ही सगळे मागच्या हॉलमध्ये बसायचो आणि मी त्यांना शिकवायचे — जाहिरातीचा उपयोग होतो की नाही, हे कसं मोजायचं. लग्नानंतर काही वर्षं मी शाळेत गणित शिकवलेलं. त्यामुळं फळ्यापुढं उभं राहिलं की माझी मान आपोआप ताठ होते. हसू नका, तुमचीही होईल.

शिकवायचे ते अगदी साधं होतं. जाहिरातीवर खर्च करायचा आणि मग "प्रभू बघेल" म्हणून स्वस्थ बसायचं, ही आमच्या लोकांची जुनी खोड. मी म्हणायचे, धन्यानं ठेव तुमच्याकडं सोपवली आणि ती कुठं गेली हे तुम्ही वळूनही बघितलं नाही, तर धनी परत आल्यावर काय सांगाल? धंदा आपला नाही, आपण कारभारी. तेव्हा नवीन गिऱ्हाईक दारात आलं की एकच प्रश्न विचारा — आमचं नाव तुम्हाला कुठून कळलं? पत्रकातून, मोबाईलवरच्या जाहिरातीतून, की कुणी तोंडानं सांगितलं? उत्तर लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, कारण आपल्या लक्षात आपल्याला हवं तेच राहतं. तिथल्या तिथं खूण करा.

मी खूण करायचे चिंचोक्यानं. माझ्या काउंटरमागच्या फळीवर काचेच्या तीन बरण्या होत्या. एक पत्रकाची, एक मोबाईलची, एक तोंडी सांगण्याची. गिऱ्हाईक जे सांगेल त्या बरणीत एक चिंचोका. महिना संपला की बघायचं, कुठली भरली. जी भरली तिकडं जोर लावायचा, जी रिकामी तिच्यावरचा खर्च बंद. कॉम्प्युटर नको, शिकलेला मुलगा नको, काही नको. पाळकसाहेबांना हे फार आवडायचं. मी बोलण्याआधी ते शास्त्रातून खऱ्या मापाबद्दल आणि खोट्या वजनाबद्दल वाचून दाखवायचे. खोट्या वजनाबद्दल — ते वाचून झालं की मी उभी राहायचे.

मी विषय टाळतेय का? टाळतेय. एस्तेरबद्दल सांगायला हवं, आणि मी अजून चिंचोक्यांवरच आहे.

एस्तेर माझी भावजय. माझा धाकटा भाऊ तरुणपणीच गेला. एस्तेरच्या पदरात लहानगी लेक, रूथ. दोघींना मी आमच्या घरामागच्या खोलीत राहायला आणलं, आणि ह्या गोष्टीबद्दल मी स्वतःला पुष्कळ शाबासकी दिलेली आहे. धंदा आम्ही दोघींनी मिळून सुरू केला. हेही मी कधी नीट सांगत नाही. कुणी विचारलं की "मी सुरू केला" असंच तोंडातून बाहेर पडतं, आणि पडलं की मागं घेत नाही.

एस्तेर मंद्रूपकडची. घरात मराठी, शेजारपाजारी कानडी, त्यामुळं दोन्ही भाषा तिच्या जिभेवर सारख्याच. शिकलेली बेताची. पण ती बोलायला लागली की डोक्यावर ओझं घेतलेलं माणूससुद्धा उन्हात उभं राहून ऐकायचं. मला ते कधी जमलं नाही. मी बोलायला लागले की लोक घड्याळ बघतात.

मंद्रूपच्या आठवडी बाजाराला ती पाटी घेऊन जायची. विकायला कमी, चव द्यायला जास्त. कडक भाकरीचा तुकडा कडकन मोडायचा, त्यावर तेल सुटलेली चटणी लावायची आणि समोरच्याच्या हातावर ठेवायचा. नुसता ठेवून भागायचं नाही. तुमचं गाव कुठलं, पोरगी कुठं दिली, सासूचा गुडघा आता कसा हाय — सगळी चौकशी. मराठी बाईशी मराठीत, कानडी बाईशी कानडीत. विकत घ्या असं ती एकदाही म्हणायची नाही. शेवटी फक्त एवढंच, "सोलापूरला आलासा तर घराकडं या की. आमच्या ताईच्या हातची ताजी देते." आणि पाटी अर्धी रिकामी करून ती संध्याकाळी हसत परत यायची. मला चीड यायची. हा काय धंदा करायचा प्रकार झाला? मी इकडं पत्रक छापून घेतलेलं, त्यातला मजकूर स्वतः जुळवलेला, यमक साधलेलं, आणि ही तिकडं फुकट वाटत सुटलेली!

म्हणून तर मोजायला सुरुवात केली. खरं कारण तेच होतं. कारभारीपणा वगैरे नंतर सुचला. मला एस्तेरला दाखवून द्यायचं होतं.

तोंडी सांगण्याच्या बरणीला एस्तेर "माझी बरणी" म्हणायची. आत-बाहेर करताना फळीकडं बघायची आणि डोळे मिचकावून विचारायची, "माझ्या बरणीत पडलं का वं ताई आज?" पडायचं. पहिले काही महिने तीच बरणी भरत गेली. बाकीच्या दोन्हींत जेमतेम तळ झाकला जाईल एवढे. माझ्या यमकाच्या पत्रकाची बरणी तर बघवत नव्हती. दक्षिणेकडच्या गावांतून दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला, कोर्टाच्या कामाला सोलापूरला आलेली माणसं वाट वाकडी करून आमच्या दारी यायची. विचारलं की एकच उत्तर — बाजारात त्या बाई भेटल्या, त्यांनी चव दिली.

मी गणिताची बाई. उत्तर समोर काचेत भरलेलं होतं. पत्रक बंद कर, एस्तेरला आणखी बाजारांना पाठव, घरातलं काम तू बघ. दुसऱ्या कुणाची बरणी असती तर मी हे पाणी प्यायच्या आत सांगितलं असतं. मग का नाही केलं?

पोटात दुखत होतं म्हणून. दुसरा शब्द नाही त्याला.

एक दिवस अक्कलकोटच्या बाजूची एक बाई मुलीच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आली. मी काउंटरवर होते, पदर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मालकीणबाई न्हाईत व्हय? एस्तेरबाई?" मी म्हटलं, मालकीण मी. तिला काही ते पटलं नाही. "तुमी कामाला हायसा की हितं," ती म्हणाली, अगदी सरळ मनानं, आणि पायरीवर बसून राहिली. एस्तेर परत येईपर्यंत उठली नाही. मग दोघी कानडीत बोलल्या, हसल्या. मला कानडी येत नाही. त्या माझ्यावरच हसल्या, असं मी ठरवून टाकलं.

बाई गेली. एस्तेर आत चुलीपाशी गेली. माझ्या हातात चिंचोका होता. मी तो तोंडी सांगण्याच्या बरणीकडं नेला आणि — शेजारच्या बरणीत सोडला. पत्रकाच्या. आवाज सारखाच येतो, कुठल्याही बरणीत टाकला तरी.

त्या दिवशी वाटलं, एकच तर आहे. पुढच्या वेळी मनाला कारण द्यायची सोय झाली. हिच्या पिशवीत आपलं पत्रक दिसतंय, म्हणजे पत्रकच. ते पत्रक एस्तेरनंच तिच्या हातात दिलेलं, हे मला माहीत असायचं. ह्यानं फोन करून पत्ता विचारला, म्हणजे मोबाईल. नंबर कुणी दिला होता? विचारायचंच नाही. आणि मग काही आठवड्यांनी कारणंही लागेनाशी झाली. गिऱ्हाईक म्हणायचं "बाजारातल्या बाई", मी "बरं बरं" म्हणायचे, आणि हात आपला आपण दुसऱ्या बरणीकडं जायचा. ह्या मोजणीत एकच भोक आहे आणि ते मी फळ्यावर कधीच लिहिलं नाही. विचारणारा आणि टाकणारा एकच असतो.

एस्तेर रोज बघत होती. एकदा म्हणाली, "माझ्या बरणीत कायबी न्हाय की वं ताई." हसत म्हणाली, पण नेहमीचं हसू नव्हतं ते. माझ्याकडं बघत उभी राहिली. मला वाटतं तेव्हा तिला फक्त एवढंच हवं होतं, की मी तिची थट्टा करावी आणि विषय उडवून लावावा. मी म्हणाले, "जे आहे ते आहे, एस्तेर. बरणी खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी बोलले. शब्दन् शब्द असाच.

पुढच्या बैठकीला मी तिन्ही बरण्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेले. नमुना म्हणून. पाळकसाहेबांनी त्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, बघा, किती सोपं आणि किती प्रामाणिक. मग मी उभी राहिले. मी सांगितलं की आमच्याकडं बाजारात चव वाटत हिंडण्यात किती वेळ जायचा, आणि मोजल्यावर कळलं की त्यातून हाती काही येत नाही. आपल्याला वाटतं लोक आपल्या गोड बोलण्याला भुलून येतात, पण तो आपला समज असतो. नाव घेतलं नाही मी. घ्यायची गरज कुठं होती? आमच्याकडून बाजाराला कोण जातं हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एस्तेर शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर पर्स धरून. ब्लाउज शिवणारी बाई घरोघरी हिंडून मापं घ्यायची, गप्पा मारायची. तिनं तिथंच ठरवलं की हिंडणं बंद, आता पत्रक. मजकूरही माझ्याकडूनच लिहून घेतला.

मला काय वाटत होतं तेव्हा? वाईट वाटत होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. बरं वाटत होतं. खूप दिवसांनी फार बरं वाटत होतं.

घरी येताना मी भांडणाची तयारी करत होते. एस्तेर चिडेल, म्हणेल तुम्ही चारचौघांत माझी अब्रू काढली, मग मी काय म्हणायचं, कसं म्हणायचं, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तिनं भांडायला हवं होतं. ती आल्या आल्या हात धुऊन परातीपाशी बसली. पीठ मळता मळता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला माफ करा ताई. इतकं दिस फुकट वाटत बसले मी. मला वाटायचं, लोकं माझ्या बोलन्यानं येत्यात. येडीच की मी."

मी म्हटलं, असू दे. मोठ्या मनानं म्हटलं!

त्या आठवड्यात ती मंद्रूपला गेली नाही. पाटी पालथी घालून खोलीच्या कोपऱ्यात ठेवली होती तिनं. मी बघितली आणि शेंगदाणे भाजायला घेतले.

आता जे सांगते, त्यापाशी माझं लिहिणं दर वेळी थांबतं.

आमच्याकडं रविवारी उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढं सांगायचं. कुणी आजारातून उठलेलं असतं, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. एस्तेर ह्यात कधी उठली नव्हती. भरल्या बाजारात जिला लाज नव्हती, तिला चर्चमध्ये चार शब्द बोलायची भीती वाटायची. त्या रविवारी ती माझ्या शेजारून उठली. पदर डोक्यावर घेतला. समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"माझ्या मनात लई गर्व हुता," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यामुळं घर चालतंय. प्रभूनं आमच्या ताईच्या हातानं मला दावलं की न्हाय बाई, तुझ्यामुळं कायबी न्हाय. त्यो गर्व आज मी हितं ठेवते. प्रभूची माफी मागते, आन ताईची बी."

मंडळी म्हणाली, आमेन. मीही म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण हळू म्हटलं असतं तर शेजारच्यांनी माझ्याकडं बघितलं असतं.

समजतंय का तुम्हाला, मी काय केलं होतं? जे पाप तिनं केलंच नव्हतं त्याची माफी तिनं देवाच्या घरात उभं राहून मागितली, आणि ते पाप मी तिच्या हातात दिलं होतं. गर्व होता तो माझा. खोटं माप माझं. आणि डोळे पुसत खाली बसली ती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, थोपटलं. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, मन स्वच्छ करूनच ज्याला हात लावायचा. ताट माझ्यापुढं आलं, मी भाकर घेतली आणि खाल्ली. घशाखाली गेली. काही अडकलं नाही.

त्यानंतर मी अगदी खरं मोजायला लागले, गंमत बघा. आता मोजायला काही उरलं नव्हतं. बाजार बंद झाला तसं मंद्रूपच्या बाजूचं गिऱ्हाईक आटत गेलं. मोबाईलवरून कुणीतरी भलतंच चुकून फोन करायचं. पत्रकाची बरणी पुन्हा तळाला आली. मी ज्वारीच्या नावानं खडे फोडले, तयार पाकिटांच्या नावानं फोडले. मग एके दिवशी मुंग्या लागतात म्हणून बरण्याच उचलून माळ्यावर टाकल्या.

आणि एस्तेरचं बोलणं गेलं. आजार काही नव्हता. कामाला पूर्वीसारखीच. पण दाराशी कुणी आलं की लगबगीनं आत जायची. "ताई, तुमी बोला," म्हणायची. जुनी एखादी कानडी बाई तिला हाक मारायची तर ती नुसती मान हलवून हसायची. रूथ तेव्हा कॉलेजात होती. ती मला विचारायची, आत्या, आईला काय झालंय, डॉक्टरला दाखवू या का? मी सांगायचे, वय झालं गं.

सांगता आलं नसतं का? दिवसभर आम्ही दोघीच असायचो. शेंगदाणे भाजायचे, चोळून साली काढायच्या, पाखडायचं. दोघींमध्ये एक सूप. तेव्हा सांगण्यासारखं सोपं काही नव्हतं. किती वेळा तोंड उघडलं आणि मीठ जास्त झालंय का बघ म्हणाले. ती रागावेल अशी भीती नव्हती मला. ती माफ करेल ह्याची भीती होती. तिनं लगेच केलं असतं, सालीचे हात पदराला पुसत केलं असतं, आणि मग उरलेलं आयुष्य मला तिच्यापुढं खाली मान घालून बसावं लागलं असतं. ते मला नको होतं. तिची मान खाली असलेली मला चालत होती.

रूथचं लग्न करमाळ्याला झालं आणि काही वर्षांनी तिनं आईला तिकडं नेलं. मला सुटल्यासारखं वाटलं. मग रूथनं तिथं बाजार समितीच्या रस्त्याला एक छोटं दुकान टाकलं. आपलंच — कडक भाकरी, चटणी. काही महिन्यांनी तिचा फोन आला. दुकान चालत नाही आत्या, तुम्ही एकदा या, तुमची ती मोजणी शिकवा मला. मी गेले. मान ताठ करूनच गेले असणार.

दुकानासमोरून दिवसभर खेड्यापाड्यांतली माणसं जात होती. माल आणणारी, माल विकून परत निघालेली, कमलाभवानीच्या देवळात जाऊन आलेली, भुकेली. त्यांना थांबवणारं एक माणूस फक्त हवं होतं. रूथलाही ते दिसत होतं. ती पोरगी हुशार आहे. मला म्हणाली, "आत्या, मी आईला केव्हाची म्हणतेय, तू दारात पाटी घेऊन बस, मंद्रूपला बसायचीस तशी. ऐकतच नाही. तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल ती."

एस्तेर आतल्या बाजूला खाली बसून शेंगा फोडत होती. केस पांढरे झाले होते. मान वर न करता म्हणाली, "न्हाय गं बाळा. माझ्या बोलन्यानं कोन येत न्हाय. आमी मोजून बघितलंय की. इचार तुज्या आत्याला."

आणि दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

इतकं सोपं देवानं आणखी कुणाला करून दिलं असेल? मी खोटं बोलले होते, असंही म्हणायची गरज नव्हती. ती मोजणी चुकली होती गं, एवढं पुरलं असतं. जुनी गोष्ट आहे, तेव्हा काहीतरी चुकलं, तू बस दारात. तेवढ्यानं ती उठली असती. लेकीसाठी उठलीच असती. मला ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं — मी "तसं नाही" म्हणावं ह्याची वाट बघत होते ते डोळे.

मी म्हणाले, "एस्तेर म्हणते ते बरोबर आहे. तू पत्रकं छापून घे."

"बघ," एस्तेर रूथला म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मग आम्ही जेवलो. तिनं वाढलं, मला दोनदा आग्रह केला. रूथनं पत्रकं छापली. दुकान ते वर्षही टिकलं नाही. आता रूथ दुसऱ्याच्या कापडदुकानात उभी असते.

एस्तेर ह्या उन्हाळ्यात गेली. झोपेतच गेली. दफन झाल्यावर कबरस्तानाच्या फाटकापाशी रूथनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि रडत सांगितलं, "आई नेहमी म्हणायची, तुझ्या आत्यानं मला वेळेवर जागं केलं, नाहीतर मी गर्वातच मेले असते. रोज तुमच्यासाठी प्रार्थना करायची ती." मी हात सोडवून घेतला नाही. म्हणाले, "फार नम्र होती गं एस्तेर."

ती असताना हे बोलले असते तर तिला त्याचा उपयोग होता. आता बोलण्यात माझं काही जात नाही, हे मला कळतं. रूथला मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन, असंही इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला माझ्याबद्दल थोडं बरं वाटेल, आणि मी तेवढ्यावरच थांबेन.

तुमच्याकडून काही नको. लोक एस्तेरमुळं येत होते. जवळजवळ सगळेच.